फाइलीच्या माथ्यावरचं नाव

राजेंद्र नगर, इंदूर
१० फेब्रुवारी २०२५

चि. उन्मेष,

काल, रविवार दिनांक ९ फेब्रुवारी २०२५ रोजी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, आपल्या कॉलनीच्या सभागृहात शंभर-सव्वाशे माणसांसमोर तू माझी चोरी केलीस. वेळ नक्की ठाऊक आहे, कारण तुझ्याकडे बघवेना म्हणून मी समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. या पत्रात आशीर्वाद लिहायचे राहून गेलेले नाहीत. मुद्दाम लिहिलेले नाहीत.

याला फोनवर उत्तर देऊ नकोस. फोनवरचं बोलणं आपल्या घरात नंतर कुणालाच आठवत नाही. मेलही नको. पुसापुशीत तुझा हात किती चालतो ते काल कळलं. कागदावर लिही आणि स्पीड पोस्टानं पाठव.

तुझ्या काकांचा पहिला स्मृतिदिन होता, तू पुण्याहून मुद्दाम आलास, पडदा लावलास, इथवर सगळं ठीक. पडद्यावर एक नळी उगवली, वळणं घेत घेत पुढे गेली, तिचा रंग बदलत गेला, आणि तू माइकवर म्हणालास की ही चित्रं काढणारी सॉफ्टवेअर लायब्ररी अच्युतकाकांनी १९९६ साली इंदुरात बसून एकट्यानं लिहिली आणि आज जगभरातले प्रोग्रामर आपापल्या प्रोग्राममध्ये ती फुकट वापरतात. टाळ्या झाल्या. मग मला वर बोलावून शाल-श्रीफळ दिलं आणि निवेदन करणारी ती मुलगी म्हणाली की यांच्या मागे खंबीरपणे उभ्या राहिलेल्या सौभाग्यवती. एक तर मी आता सौभाग्यवती नाही. दुसरं म्हणजे मी कुणाच्या मागे उभी नव्हते. मी कीबोर्डपुढे बसलेली होते. मागे तुझे काका उभे असायचे आणि घरी कधी निघायचं ते विचारत असायचे.

ती लायब्ररी मी लिहिली आहे. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत.

तू लोकांना समजावून सांगितलंस तेही अर्धवट. म्हणे सोऱ्यातून शेव पडते तसं. शेव सरळ खाली पडते, तिथे कसलं गणित? एखादा सपाट आकार घ्यायचा, गोल, चौकोनी, चांदणीचा, कसाही. मग हवेतून जाणारा एक रस्ता घ्यायचा आणि तो आकार त्या रस्त्यावरून ओढत न्यायचा. मागे जो पृष्ठभाग तयार होत जातो ती नळी, तो कठडा, ती बांगडी. खरी परीक्षा रस्ता वळतो तिथे असते. वळणावर आकार पिळतो, चुरगळतो, स्वतःतच घुसतो. तो घुसू न देणं हे त्या लायब्ररीचं काम, आणि ते माझं काम.

२८ फेब्रुवारीच्या आत नाव दुरुस्त कर आणि त्याच सभागृहात, त्याच माइकवर तसं सांग.

पद्मजाकाकू


पुणे
१५ फेब्रुवारी २०२५

ती. काकूंना सा. न.

हातानं पत्र लिहायची आदतच सुटलीय, अक्षर सांभाळून घ्या.

काकू, चोरी हा शब्द फार लागला. मी काकांसाठी दोन महिने मेहनत केली. जुन्या सीडीवरून फाइली काढल्या, आजच्या मशीनवर चालतील अशा केल्या, ऑफिसच्या टीमला कामाला लावलं. आमची कंपनी कारखान्यांच्या पाइपलाइनचे आराखडे काढते, तिथेही आता हीच वापरणार आहोत. एक मार्चला नवीन व्हर्जन सगळ्यांसाठी खुलं करतोय. लायब्ररीचं नावच ‘अच्युत’ ठेवलंय. हे बाबांना सांगितलं तर ते रडले. त्यांना रडताना मी याआधी फक्त काकांना पोचवून आलो तेव्हा पाहिलंय.

तुम्ही काकांना खूप साथ दिली, टायपिंग वगैरे केलं असेल, गणिताचं काही सांगितलं असेल, हे सगळ्यांना माहीत आहे. कोण नाही म्हणतंय? पण घरातलीच गोष्ट आहे ना. काकांचं काय आणि तुमचं काय. तुम्ही एकट्या राहता, मन कुठेतरी अडकतं, मी समजू शकतो. उन्हाळ्यात इकडे या. उर्वी रोज विचारते, इंदूरवाली आजी कधी येणार.

एक गोष्ट लिहू की नको असं चाललं होतं. फाइलींच्या माथ्यावर काही जुनं लिहिलेलं होतं, ते मी साफ केलंय. तुमच्या मानासाठीच केलंय, काकू. त्याच्या खोलात जाऊ नका, प्लीज. काका फार भले माणूस होते, एवढंच लक्षात ठेवू या.

तुमचा,
उन्मेष


राजेंद्र नगर, इंदूर
१८ फेब्रुवारी २०२५

उन्मेष,

टायपिंग. बरं.

तुझे काका पाणीपुरवठा शिकवायचे. जमिनीखालचे पाइप फळ्यावर काढताना त्यांची चित्रं मुलांना कळत नसत, म्हणून ते घरी येऊन चिडत. मी मुलींच्या कॉलेजात गणित शिकवत होते. त्यांच्या संस्थेत चित्र काढू शकणारा एकच चांगला संगणक होता आणि रविवारी तो रिकामा असे. किल्ली त्यांच्या सहीनं मिळायची, कारण नोकरी तिथे त्यांची होती. इतकाच त्यांचा त्यातला वाटा: सही. चौऱ्याण्णवच्या पावसाळ्यानंतर मी सुरुवात केली आणि शहाण्णवच्या दिवाळीत ती पुरी झाली. दोन वर्षांतले बहुतेक रविवार त्या खोलीत गेले. तुझ्या आईला वाटायचं मी कॉलेजचे पेपर तपासायला जाते. मी तिचा गैरसमज काढला नाही, कारण मग स्वयंपाकावरून बोलणी झाली असती.

सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात जाऊन मी पाइप कसे जोडतात ते पाहून आले. कुणी दोन तुकडे तिरपे छाटून सांधतं, कुणी कोपरा गोल करून घेतं, कुणी नुसतीच टोकं उघडी सोडतं. लायब्ररीत वळणावर जे प्रकार निवडता येतात ते तिथून आले. तुझे काका त्या दिवशी बाहेर फटफटीवर बसून पोहे खात होते. दोन मॅट्रिक्सचा गुणाकार करायचा झाला तर ते मला हाक मारत, आणि उत्तर मिळालं की ते बरोबर आहे ना हेही मलाच विचारत.

आता ‘साफ केलं’ याबद्दल. काय साफ केलंस? प्रत्येक फाइलीच्या माथ्यावर चार ओळी होत्या. हे कुणी लिहिलं, कधी लिहिलं, कुणीही फुकट वापरावं, आणि अट एकच की या चार ओळी कुणी काढू नयेत. अठ्ठावीस वर्षांत अनोळखी देशांतल्या अनोळखी माणसांनी ती अट पाळली. त्यांच्यापैकी कुणाला मी खाऊ दिला नव्हता, कुणाची शाळेची फी उशिरा गेली म्हणून मुख्याध्यापकांना भेटले नव्हते. ती अट मोडली माझ्या पुतण्यानं, तीही माझ्या मानासाठी.

त्या ओळींत माझं नाव होतं. ते का काढलंस? आम्हांला नन्सनी शिकवलं होतं की प्रश्नाचं उत्तर पूर्ण वाक्यात द्यावं. तसं दे.

पद्मजाकाकू


पुणे
२२ फेब्रुवारी २०२५

ती. काकू,

सा. न. तुम्ही पूर्ण वाक्यात मागितलंय, मग देतो. पण वाचून त्रास करून घेऊ नका. शेजारच्या इंदुमतीकाकूंना बोलावून घ्या आणि मग पुढचं वाचा.

पद्मजा मुळ्ये हे नाव एकाही फाइलीत नाहीये. मी मशीनवर शोधून बघितलं, एकदा नाही, तीनदा. पद्मजा नाही, मुळ्ये नाही, काकांचंही नाव नाही. सगळ्या फाइलींच्या माथ्यावर एका दुसऱ्याच बाईचं नाव आहे. वल्लरी पागे.

मी आधी विचार केला, काकांची कुणी स्टुडंट असेल. त्यांच्या संस्थेत विचारलं, अशी कुणी नव्हती. मग डिसेंबरात इंदूरला आलो तेव्हा आई-बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, नाव ऐकल्यासारखं वाटतंय रे. आई म्हणाली, भावजी दर रविवारी संस्थेत कशाला जातात हे तेव्हाच विचारायला पाहिजे होतं. वहिनी बिचारी पेपर तपासत बसायची.

काकू, आम्हांला काय वाटलं हे मी लिहू शकत नाही. तुम्ही समजून घ्या. पहिल्याच स्मृतिदिनाला, भरल्या हॉलमध्ये, पडद्यावर ते नाव तुमच्यासमोर यावं हे आम्हां कुणालाच नको होतं. आई म्हणाली, काढून टाक, वहिनीला कळता कामा नये. बाबा म्हणाले, दादाचं नाव घाल, त्याच्याच मशीनवर झालं ना सगळं? म्हणून केलं. यात माझा काही फायदा नाही.

तुम्हांला हे कळू नये म्हणून मी दोन महिने तोंड बंद ठेवलं. आता तुम्हीच लिहायला लावलंत. काका मला देवासारखे होते आणि आहेत. माणसाकडून चुका होतात. जाऊ द्या ना, काकू.

उन्मेष


राजेंद्र नगर, इंदूर
२५ फेब्रुवारी २०२५

उन्मेष,

इंदुमतीबाईंना बोलावलं नाही. एकटीनंच वाचलं आणि आधी मोठ्यांदा हसले. पुढे हसू आलं नाही.

वल्लरी पागे मी आहे.

पागे हे माझं माहेर. आजोबा संस्थानच्या हिशेबखात्यात होते, वडील महूच्या शाळेत. शाळेत, कॉलेजात, एमएस्सीच्या प्रमाणपत्रावर मी वल्लरीच होते. १९८० च्या मे महिन्यात तुमच्या घरात आले तेव्हा ताटात तांदूळ पसरले, तुझ्या काकांनी अंगठीनं त्यात पद्मजा असं लिहिलं, आणि सासूबाईंनी पेढे वाटले. मला आधी कुणी विचारलं नव्हतं. बावीस वर्षं एका नावाला ओ दिली होती, तेविसाव्या वर्षी दुसऱ्याला द्यायला लागले. दुसऱ्या दिवशी त्याच तांदळाचा भात झाला आणि तो मीच वाढला.

तुझ्या बाबांना नाव ऐकल्यासारखं वाटतंय. वाटेलच. माझ्या लग्नाच्या पत्रिका सायकलवरून गावभर वाटायचं काम अभिरामभावजींकडे होतं. प्रत्येक पत्रिकेवर चि. सौ. कां. वल्लरी पागे असं छापलेलं होतं. पण त्यानंतर पंचेचाळीस वर्षं त्यांनी मला वहिनी म्हटलं, आणि वहिनीला आधी काही नाव असेल ही गोष्ट त्यांच्या डोक्यातून उतरली. तुझी आई, उषा, सहा वर्षांनी आली. तिला कुणी सांगितलंच नाही. तिचंही माहेरचं नाव मला माहीत नाही, एवढं कबूल करते. या घरात आम्ही दोघी थोरली आणि धाकटी.

लायब्ररी लिहून झाली तेव्हा माथ्यावर नाव घालायची वेळ आली. मी वल्लरी पागे लिहिलं. गणित जी शिकली तिचं काम होतं, तिचं नाव लिहिलं. तुझे काका मागून म्हणाले, हे काय? मी म्हटलं, माझं नाव. ते म्हणाले, बरं. त्यांना सगळं माहीत होतं.

आता तुम्ही तिघांनी काय केलंत ते शांतपणे बघ. माथ्यावर एका बाईचं नाव सापडलं. घरात गणिताची प्राध्यापिका बसलेली होती, तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेली. तिला विचारायचं कुणाला सुचलं नाही. पद्मजाकाकूंनी हे लिहिलं असेल यापेक्षा अच्युतकाकांनी एक बाई ठेवली असेल हे तुम्हांला जास्त शक्य वाटलं. ज्या माणसाला तुम्ही देव म्हणता त्याच्यावर इतका मोठा आळ घेताना कुणाची जीभ अडखळली नाही. आणि माझ्यावर दया दाखवलीत. ‘वहिनी बिचारी.’ उषाला सांग, वहिनी रविवारी पेपर तपासत नव्हती. भावजींची ती रविवारची बाई वहिनीच होती.

एक मार्चची तारीख अजून गेलेली नाही. वल्लरी पागे हे नाव परत घाल. लायब्ररीला ‘अच्युत’ म्हणायचं बंद कर. तिचं नाव ‘नळी’ होतं, तेच राहील. आणि सभागृहाचं मी पहिल्या पत्रात लिहिलंच आहे.

पद्मजाकाकू


पुणे
९ मार्च २०२५

ती. काकूंना सा. न.

पत्र लिहायला उशीर झाला. खरं सांगायचं तर हिंमत होत नव्हती. तीन वेळा लिहून फाडलं.

तुमचं पत्र मी आई-बाबांना वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, अरे हो, पागे, महूचे पागे. आई तेव्हापासून माझ्याशी फोनवर बोलत नाहीये. बाबांकडून निरोप दिला, मला वहिनीसमोर उभं राहायला तोंड नाही. मला तर नाहीच नाही. माफ करा, काकू.

पण मला सगळं खरं लिहायचंय, म्हणून पुढचंही लिहितो. नवीन व्हर्जन एक तारखेला गेलं. तुमचं पत्र मला २८ ला मिळालं होतं. मी थांबवू शकलो असतो. थांबवलं नाही. तीन कंपन्यांना कळवून ठेवलं होतं, काकांच्या संस्थेनं नव्या लॅबला त्यांचं नाव द्यायचं ठरवलंय, पाटी तयार होतेय. त्या दिवशी बाबा म्हणाले, आता मागे फिरलास तर लोक काय म्हणतील? दादानं बायकोच्या कामावर नाव कमावलं असंच म्हणतील. आणि गेलेला माणूस उत्तर द्यायला येत नाही.

मी एक रस्ता काढलाय, प्लीज शांतपणे वाचा. पुढच्या व्हर्जनमध्ये दोघांची नावं घालतो. अच्युत आणि पद्मजा मुळ्ये. तुम्हांला घरात, समाजात सगळे त्याच नावानं ओळखतात, वल्लरी पागे कोण हे कुणाला कळणार? सोबत एक छोटा लेख टाकू, आमच्या मार्केटिंगवाल्या शिखानं लिहूनही ठेवलाय. दिवाळीत काकू सोऱ्यानं शेव पाडत होत्या, ते बघून काकांना कल्पना सुचली आणि मग दोघांनी मिळून, असं. लोकांना फार आवडेल.

आणि आता जे लिहिणार होतो ते. २००४ ची उन्हाळ्याची सुट्टी. मी अकरावीत जाणार होतो. तुम्ही पेपर तपासायच्या सेंटरवर हातोदला गेला होतात, मी दुपारी तुमच्या घरी आलो होतो. काकांनी घरच्या कंप्यूटरवर ती नळी फिरवून दाखवली. मी विचारलं, काका, हे कुणी बनवलंय? ते म्हणाले, मी. मग त्यांनी मला समजावलं, कोपऱ्यावर काय होतं ते. त्यांचं वाक्य मला आजही पाठ आहे. ‘वळणावर दोन्ही तुकड्यांनी अर्ध्या-अर्ध्या कोनावर थांबायचं, कुणी कुणाच्या हद्दीत शिरायचं नाही.’ इतकं साफ मला कुठल्याच सरांनी कधी समजावलं नव्हतं. मी आज जे काही आहे ते त्या दुपारमुळे आहे. घरी जाऊन बाबांना म्हटलं, मला हेच करायचंय.

माथ्यावरचं नाव मी एवढ्या सहज का काढलं, त्याचं कारण हेच होतं, काकू. मला काकांनी स्वतः सांगितलेलं होतं. मग मी दुसऱ्या कुणाला कशाला विचारू?

आता तुम्हीच सांगा. मी त्यांना खोटं म्हणू का?

उन्मेष


राजेंद्र नगर, इंदूर
२७ मार्च २०२५

उन्मेष,

तुझं पत्र १२ तारखेला पोचलं. दुसऱ्या दिवशी होळी पेटली, पुढे रंगपंचमी आली, कॉलनीतली सगळी माणसं रंगांची मिरवणूक, गेर, बघायला राजवाड्यावर गेली. मी दार लावून घरात बसले होते. रंगाचं मला कधीच वावडं नव्हतं. या वर्षी कुणाला तोंड रंगवू द्यायची इच्छा नव्हती.

तू लिहिलेलं खरं आहे. मी त्यावर शंका घेतलेली नाही, कारण ते वाक्य मी ओळखलं. पंचाण्णवच्या श्रावणातला एक रविवार होता. दोन महिने मला कोपरा सुटत नव्हता. सुटला तेव्हा खोलीत दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मी अच्युतला सांगितलं. तो माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभा होता. त्याला कळेना, म्हणून दोन काडेपेट्या टेबलावर टोकाला टोक लावून ठेवल्या आणि म्हटलं, वळणावर दोन्ही तुकड्यांनी अर्ध्या-अर्ध्या कोनावर थांबायचं, कुणी कुणाच्या हद्दीत शिरायचं नाही. शब्द न् शब्द तोच. नऊ वर्षं त्यानं ते जपून ठेवलं आणि एका दुपारी मी परीक्षेच्या कामाला गेलेली पाहून तुला स्वतःचं म्हणून दिलं.

तू विचारलंस, त्यांना खोटं म्हणू का. मी म्हणते. तू म्हणायची गरज नाही. अच्युत माझ्याशी कधी खोटं बोलला नाही असं मी त्याच्या दहाव्या दिवशी सगळ्यांना सांगितलं होतं. ते खरं आहे. माझ्याशी तो खोटं बोलला नाही, माझ्याबद्दल बोलला. मी समोर असले की ‘बरं’ म्हणायचा आणि मी हातोदला गेले की ‘मी’ म्हणायचा. आणखी किती दुपारी, आणखी कुणासमोर, ते आता मला कळायचं नाही. त्याच्या संस्थेतले लोक त्याच्याकडे आदरानं बघायचे आणि मला वाटायचं की पाणीपुरवठा चांगला शिकवतो म्हणून.

गेले पंधरा दिवस मी चव्वेचाळीस वर्षांच्या गोष्टी एकेक करून परत बघते आहे. तो मला भाजी निवडू लागायचा. मी आजारी पडले की संस्थेला दांडी मारायचा. माझ्या बढतीच्या वेळी त्यानं गल्लीभर कचोऱ्या वाटल्या होत्या. ते सगळं खोटं होतं असं मी म्हणत नाही. पण आता त्यातली एकही गोष्ट आठवली की मनात येतं, हे कुणासाठी होतं? माझ्या नवऱ्याबद्दल असं वाटायला लावल्याबद्दल मी तुझ्यावर चिडले होते. आता नाही. तू फक्त निरोप आणलास.

त्या दुपारी तुझं आयुष्य ठरलं असं तू लिहिलंस. ठरलं असेल, मला आनंद आहे. पण तुला जे आवडलं ते बोलणाऱ्याचं नव्हतं. तुझी खरी शिक्षिका त्या वेळी हातोदला बसून दुसऱ्यांच्या मुलींचे पेपर तपासत होती आणि संध्याकाळी घरी येऊन तिनं तुला आमरस वाढला. तुला आमरस आठवत नाही. त्यातही नवल नाही.

आता शिखाच्या लेखाबद्दल. इंदुरात शेव घरी कोण पाडतं? इथे जन्मलेल्या मुलाला हे विचारावं लागतं याची मला जास्त लाज वाटते. मी आयुष्यभर शेव दुकानातून आणली. सोऱ्या माझ्या घरात नाही आणि कधी नव्हता. मला जे सुचलं ते स्वयंपाकघरात सुचलं नाही. ते वहीपेन्सिल घेऊन, चुकून, खोडून, परत मांडून निघालं. पुरुषाला सुचलं की ते संशोधन आणि बाईला सुचलं की ते पीठ मळताना, हा लेख तुमच्या पुण्यात आवडेल. तो फाडून टाक.

दोघांची नावं, हा तुझा रस्ता मला मान्य नाही. अच्युतचं नाव नको, कारण त्यानं लिहिलं नाही. पद्मजा मुळ्येचंही नको, कारण ते नाव त्यानं लिहिलं, तांदळात. माझं काम मी ज्या नावानं केलं तेच नाव राहील आणि एकटं राहील. वल्लरी पागे कोण हे कुणाला कळणार, असं तू विचारतोस. कुणाला कळावं म्हणून ते लिहिलेलंच नव्हतं. खरं आहे म्हणून लिहिलं होतं.

सभागृहाची मागणी मी मागे घेते. त्या लोकांना काही सांगू नकोस. लॅबची पाटीही राहू दे. पाणीपुरवठा तो खरोखर चांगला शिकवायचा, तेवढ्यावर एका खोलीला नाव द्यायला हरकत नाही. तुझ्या बाबांना दादाची काळजी वाटते, त्यांना सांग की वहिनी चारचौघांत काही बोलणार नाही. हे मी अच्युतसाठी करते आहे असं मात्र कुणी समजू नये. त्याच्याविषयी चांगलं किंवा वाईट काहीही बोलण्याची मला सध्या ताकद नाही.

पण फाइलीच्या बाबतीत सवलत नाही. ती अट मी घातली तेव्हा तू आठ वर्षांचा होतास आणि ती तुलाही लागू आहे. माथ्यावरच्या चार ओळी जशा होत्या तशा परत येईपर्यंत तुझ्या कंपनीला ती लायब्ररी वापरायचा आणि वाटायचा हक्क नाही. परत आल्या नाहीत तर तू कळवून ठेवलेल्या तिन्ही कंपन्यांना मी स्वतः लिहीन, इंग्रजीत. माझं इंग्रजी नन्सकडचं आहे, त्यात गैरसमजाला जागा राहत नाही.

गेल्या सोमवारी मी फाटकावर नवीन पाटी लावून घेतली. जुनी काढून मोलकरणीला देऊन टाकली, तिनं भंगारात घातली असेल. इंदुमतीबाई कुंपणावरून वाकून विचारत होत्या, वरची खोली भाड्यानं दिलीत का हो? ही पागे कोण? मी म्हटलं, मीच. त्या म्हणाल्या, म्हणजे तुमची कुणी नातेवाईक. मी परत म्हटलं, मीच. अजून त्यांना पटलेलं नाही. दुधवाला भिया मात्र पहिल्याच दिवशी ‘पागे मॅडम’ म्हणाला. पोस्टमनला मी स्वतः सांगून ठेवलं आहे.

तेव्हा नीट वाच. दुरुस्त केलेल्या सगळ्या फाइलींच्या माथ्यांची छापील प्रत आणि तुझं सही केलेलं, पूर्ण वाक्यांतलं लेखी उत्तर गुरुवार, १० एप्रिल २०२५, संध्याकाळी पाच वाजायच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे. पाकिटावर नाव वल्लरी पागे असं घाल. पद्मजा मुळ्ये या नावानं आलेलं पाकीट मी न उघडता परत पाठवीन.

वल्लरी पागे